मला इतक्यात जायचं नव्हतं

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत मी नोकरी केली. दिवसभर बोलून घसा बसायचा, पण दम कधी लागला नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर काही वर्षांनी पाखाडी चढताना मधेच थांबावं लागायला लागलं, तेव्हा मी सगळं वयावर ढकललं. आमचं घर उतारावर आहे. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या, तीच आमची पाखाडी. मी मधल्या वळणावर उभी राहून शेजाऱ्यांच्या फणसाकडे बघायचे. फणस बघायचं नाटक होतं, श्वास पुरत नव्हता.

हे नाटक आमच्या ह्यांनी ओळखलं. हे म्हणजे यशवंतराव, माझे यजमान. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. एकदा ते शांतपणे म्हणाले, “सुमन, तुझा श्वास मला खालच्या पायरीपासून ऐकू येतो. उद्या डॉक्टरांकडे जायचं.”

आमच्या डॉक्टर म्हणजे मृणालताई. आमच्या भागात त्यांचा छोटा दवाखाना आहे. खोकला-तापापासून साखर-रक्तदाबापर्यंत सगळी म्हातारी माणसं त्यांच्याकडेच जातात. त्यांनी माझ्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, स्कॅन करायला लावला.

रिपोर्टच्या दिवशी छातीचे डॉक्टर सौम्यपणे बोलले. फुप्फुसांचा खालचा भाग कडक होत चाललाय, झालेलं परत मऊ होत नाही, पण पुढे जाण्याचा वेग औषधाने कमी करता येईल, असं त्यांनी सांगितलं. किती वर्षं, असं मी विचारलं. ते म्हणाले, आज कोणालाच सांगता येणार नाही. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, मासे घ्यायचे का. आम्ही बांगडे घेतले आणि घरी आलो. कालवणात मीठ घालायला मी विसरले होते. आम्ही दोघं तसंच जेवलो.

मग मुलांना फोन केले. थोरला निखिल डोंबिवलीला असतो. त्याने लगेच मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. गेलो, तिथेही तेच सांगितलं. धाकटी वृषाली राजापूरला दिलेली, तिथेच एका पतपेढीत नोकरी करते. तिने फोनवर फार काही विचारलं नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने आली आणि पाखाडीवर माझ्याबरोबर त्या वळणावर उभी राहिली. फणसाबद्दल तीही दोन शब्द बोलली. तेव्हा मला रडू आलं.

*

आजार कळल्यावर माझ्या तोंडात एक वाक्य बसलं. देवाने झोपेत उचललं म्हणजे सुटले. शेजारीण भेटायला आली की म्हणायचे, मुलांचा फोन आला की म्हणायचे. आमच्याकडे या वयाच्या सगळ्याच बायका म्हणतात, आणि ऐकणाऱ्याने “असं काय बोलता” म्हणायचं असतं. दोघांनाही बरं वाटतं आणि विषय संपतो. आतून मात्र मला भीती वाटत होती. मरणाची म्हणावी तर तशी नाही. श्वास मिळणार नाही आणि त्या वेळी माझ्या वतीने कोण काय ठरवेल, याची.

मृणालताई गुरुवारी दुपारी दवाखान्यात गर्दी घेत नाहीत. ती वेळ त्यांनी वयस्कर पेशंटसाठी ठेवली आहे. एका वेळी एकच माणूस, आणि घाई नाही. हे मला माहीत नव्हतं. औषध संपलं म्हणून गेले तर त्यांनी गुरुवारी यायला सांगितलं. मला वाटलं, रिपोर्टमध्ये काहीतरी लपवलेलं सांगणार. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी त्यांनी ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. टेबलामागची खुर्ची सोडून त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “काकू, आज तुमची तब्येत बरी आहे, म्हणूनच आज विचारते. पुढे कधी तुम्हाला बोलता आलं नाही, तर आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?”

मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. मशीनबिशीन काही नको, उचललं तर सुटले.

त्यांनी “असं काय बोलता” म्हटलं नाही. मान हलवून हो म्हणूनही सोडून दिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “हे तुम्हाला खरंच वाटतं, की घरच्यांना त्रास नको म्हणून म्हणता?”

मी पदर सारखा केला. मग त्यांनी वेगळ्या बाजूने विचारलं. दिवसभरात असं काय आहे जे गेलं तर जगण्यात राम राहणार नाही? यावर मला विचार करावा लागला नाही. सकाळी मी ह्यांना पेपर वाचून दाखवते. अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळा. मधे मधे आमची भांडणं होतात, राजकारणावरून तर रोजच. ते म्हणजे माझा दिवस. चालता आलं नाही तरी चालेल, नाकाला नळी लावून बसावं लागलं तरी चालेल, कोणी आंघोळ घातली तरी लाज वाटणार नाही. पण माणसं ओळखता यायला हवीत आणि बोलता यायला हवं.

“म्हणजे तेवढं परत मिळणार असेल,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही थोडा त्रास सोसाल?”

आणि मी म्हणून गेले, “सोसेन हो. मला इतक्यात जायचं नाहीये.”

माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. इतके महिने मी हे कोणापाशी बोलले नव्हते, देवापाशीसुद्धा नाही. म्हातारीने जगायची हाव धरू नये, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. मृणालताईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मग तसंच सांगू या सगळ्यांना.

या बाईंचं मला आजही कौतुक वाटतं ते यासाठी. माझं पहिलं उत्तर मान्य करणं त्यांना किती सोपं होतं. बाहेर पेशंट वाढत होते, फोन वाजत होता. पण त्यांना माझं खरं उत्तर हवं होतं आणि त्यासाठी त्या थांबल्या.

पुढच्या दोन-तीन गुरुवारांत आमचं ठरलं. आजार उलटण्यासारखा असेल, म्हणजे न्युमोनियासारखं काही झालं, तर पूर्ण प्रयत्न करायचे, श्वासाचं मशीनसुद्धा. पण काही दिवस. माणसं ओळखेन, बोलेन अशी आशा नाही असं डॉक्टरांचं मत झालं, तर मशीन काढायचं, वेदना होऊ द्यायच्या नाहीत आणि जमलं तर घरी आणायचं. माझ्या वतीने बोलायला वृषाली. हे सगळं कागदावर करतात, दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. पण मृणालताई म्हणाल्या, कागद शेवटी. आधी घरात बोला, नाहीतर कागद कपाटात राहील आणि भांडण दवाखान्याच्या दारात होईल.

*

आमच्याकडे सगळे एकत्र येतात ते गणपतीला. गौरीबरोबर विसर्जन झालं, घर रिकामं रिकामं वाटत होतं, रात्रीची जेवणं आटोपत आली होती. मी म्हटलं, मला थोडं बोलायचंय.

निखिलने अर्धं ऐकलं आणि ताटावरून उठला. आजच हे बोलायला पाहिजे का, असं त्याने विचारलं. मग म्हणाला की डॉक्टरांचं काम बरं करायचं असतं, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असलं काही भरवायचं नसतं. हे मान खाली घालून बसले होते. वृषालीने ताटं उचलली. पण खरा घाव निखिलला वेगळाच लागला होता. तो मला दुसऱ्या दिवशी कळला.

त्याने मला गाडीत घातलं आणि समुद्राकडे, आरे-वारेला नेलं. वरच्या वळणावर गाडी उभी केली. खाली दोन्ही किनारे दिसत होते. मी काच खाली केली, तर त्याने वारा लागेल म्हणून परत वर केली. मग म्हणाला, “मोठा मी आहे. मग वृषालीचं नाव का?”

याची मी मनात खूप उजळणी केली होती, तरी सांगताना शब्द जड झाले. मी म्हटलं, “तू मला कधीच सोडणार नाहीस. मला घेऊन दवाखान्यामागून दवाखाने फिरशील. थांबवा, असं तुझ्या तोंडून यायचं नाही.”

“आणि तिच्या येईल?”

“तिच्याही जिवावर येईल. पण मी सांगितलंय म्हणून ती म्हणेल.”

मग त्याने मला विचारलं, भीती वाटते का. मी हो म्हटलं. मुलापुढे हे कबूल करायला मला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. त्याने काच थोडी खाली केली.

त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण जाण्याआधी मृणालताईंना भेटून गेला. त्यांनी त्याला काय सांगितलं, मी विचारलं नाही. कागदावर साक्षीदार म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने सह्या केल्या. एक प्रत वृषालीकडे गेली, एक दवाखान्यात.

*

थंडीत, आंब्याला मोहोर आला होता तेव्हा, मला ताप भरला. दोन दिवसांत बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा घसरला आणि ओठ काळे पडले. हॉस्पिटलपर्यंतचं मला अर्धवट आठवतं. चार माणसांनी खुर्चीवर बसवून पाखाडी उतरवली, हे आठवतं. आधी तोंडावर घट्ट मास्क लावला. हवा आत ढकलली जात होती आणि मला वाटत होतं मी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलंय. त्यापुढचं मला नंतर इतरांनी सांगितलं, आणि सगळं एकदम नाही, तुकड्या तुकड्यांनी.

मास्क पुरेना. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ह्यांना आणि वृषालीला बाजूला घेतलं. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल, पण वय आणि आधीचं दुखणं बघता यातून बाहेर येतीलच असं सांगता येत नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. घरच्यांची इच्छा नसेल तर मास्कवरच ठेवू, त्रास होणार नाही असं बघू.

हे रडायला लागले. म्हणाले, “नको. ती नेहमी म्हणायची, उचललं तर सुटले. तिला आता छळू नका.”

त्यांनी हे माझ्यावरच्या मायेपोटीच म्हटलं. ते वाक्य त्यांनी माझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. गणपतीत मी जे बोलले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, कारण त्यांना ऐकवत नव्हतं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

वृषाली म्हणाली, “बाबा, आई ते सगळ्यांसमोर म्हणायची. विचार करून तिने वेगळं सांगितलंय. तिला प्रयत्न हवाय.”

एवढं बोलून ती भिंतीला टेकली. तेवढ्यात दवाखाना अर्ध्यावर बंद करून मृणालताई आल्या. त्यांनी त्या डॉक्टरांना माझं म्हणणं समजावून सांगितलं. प्रयत्न करायचा, पण अंतहीन नाही. दररोज बघायचं. तरुण डॉक्टर म्हणाले, हे कळलं ते फार बरं झालं, नाहीतर आम्ही अंदाजाने चालतो. निखिल रत्नागिरीकडे येणाऱ्या रेल्वेत होता. वृषालीने त्याला फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, आई म्हणाली तसं कर.

*

नळीचे दिवस वाईट होते. हे मी गोड करून सांगणार नाही. झोपेचं औषध कमी केलं की जाग यायची आणि ओरडता यायचं नाही. नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले. दिवे कायम चालू. मला सारखं वाटायचं मी गाडीत बसलेय आणि आंबा घाट संपतच नाहीये. मनात शिव्याही दिल्या, स्वतःला, मृणालताईंना, सगळ्यांना.

पण तिथे शिल्पा नावाची नर्स होती. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती मला सांगायची. आजी, आता कुशीवर वळवते. आजी, बाहेर आज मळभ आहे. माझे केस गुंतले होते, ते तिने तेल लावून सोडवले आणि दोन वेण्या घातल्या. मी उत्तर देऊ शकत नव्हते, तरी ती बोलत राहायची. मला माणूस म्हणून धरून ठेवायचं निम्मं काम तिने केलं.

भेटीच्या वेळी हे यायचे. त्यांना पेपर वाचता येत नाही. मग बाहेर निखिलकडून मथळे वाचून घ्यायचे, पाठ करायचे आणि आत येऊन माझ्या कानाशी म्हणायचे. एकदा त्यांनी मुद्दाम माझ्या आवडत्या पुढाऱ्याला नावं ठेवली. मी डोळे वटारले. ह्यांना ते दिसलं नाही, पण मागे उभ्या वृषालीने बघितलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ओळखतेय ती, समजतंय तिला.

नळी निघाली त्या दिवशी माझा पहिला शब्द “पाणी” होता. शिल्पाने कापसाने ओठ ओले केले. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नव्हते.

*

घरी आल्यावर कित्येक दिवसांनी मला वृषालीचा चेहरा नीट दिसला. ती वाळली होती. मी जवळ बसवून विचारलं, तेव्हा ती बोलली. त्या सगळ्या दिवसांत तिला एकच वाटत होतं, की आईचे हाल मी करवले. कोणी तसं म्हटलं नाही, पण तिला वाटत होतं. मग रात्री ती मनात माझे शब्द म्हणायची, सोसेन, मला इतक्यात जायचं नाही. तेवढ्या आधारावर ती उभी राहिली. आपण आपली इच्छा सांगतो तेव्हा आपल्या मुलांच्या पाठीवरचं ओझं जात नाही, हे मला तेव्हा समजलं. पण एकट्याने अंदाज बांधायचं ओझं तरी जातं. माझ्या या मुलीने ते उचललं, आणि एकदाही मला बोलून दाखवलं नाही. तिच्यापुढे मी लहान आहे.

बरं वाटल्यावर मी मृणालताईंना म्हटलं, आता बदलायचंय. नळी एकदा पुरे. पुढच्या वेळी मास्कपर्यंतच, आणि नंतर घरी. मला वाटलं त्यांना राग येईल, एवढं सगळं केल्यावर. त्या हसल्या. म्हणाल्या, बदलण्यासाठीच तर परत परत विचारायचं असतं. कागद नव्याने केला. वृषालीला सांगितलं, तेव्हा तिने फक्त माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

आता घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे. लांब नळी लावून मी पडवीपर्यंत येते आणि पेपर वाचते. ओळखीचे लोक भेटायला येतात आणि त्यांचं ते वाक्य म्हणतात, आम्हाला काय, उचललं तर सुटलो. मी त्यांना विचारते, खरंच का. काही जण रागावतात. एक-दोघं मात्र गप्प होतात, आणि त्यांना मी गुरुवारी दुपारी जायला सांगते. डॉक्टर मरण शिकवत नाहीत तिथे. तुम्हाला काय प्रिय आहे ते विचारतात. आधी तेवढंच सांगा, बाकी हळूहळू येतं.

गेल्या गुरुवारी छोटा सिलिंडर घेऊन, खुर्चीवरून, मी औषधासाठी निघाले तर हे म्हणाले, मीही येतो, आज मी बाकावर बसणार नाही. मृणालताईंनी स्टूल त्यांच्या बाजूला ओढलं. आयुष्यभर या माणसाने कधी सांगितलं नाही की त्याला भात मऊ आवडतो की मोकळा. वाढलं ते खाल्लं. त्या दिवशी मात्र ते बोलले. त्यांना मशीन नको होतं, हॉस्पिटलही नको होतं, आणि त्यांच्या बाबतीत ते वाक्य खरं होतं. मला ऐकताना गलबलून आलं, पण मी मधे बोलले नाही. तुमच्या वतीने कोण बोलेल, असं मृणालताईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “निखिल.”

मी चमकून बघितलं. ते म्हणाले, त्याला जमेल. या वेळी त्याने ऐकलं ना.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच निखिलला फोन लावायला सांगितला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. सगळं नीट सांगितलं, न अडखळता. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला, किंवा तो ताटावरून उठला तसा उठला.

मग त्याचा आवाज आला. “बरं, बाबा. पण मला नीट समजू दे. आधी सांगा, तुम्हाला काय काय आवडतं?”

ह्यांनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.